फुगडीपासून साल्सापर्यंत

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी नाच शिकायला सुरुवात केली, असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी कौतुक उमटतं. "वा! भरतनाट्यम का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. चेन्नईत राहणारी बाई नाच शिकते म्हटल्यावर दुसरं काय असणार! "नाही हो, साल्सा," असं मी म्हणते, आणि कौतुकाच्या जागी गोंधळ दिसू लागतो. काहींना हा खाण्याचा पदार्थ वाटतो. ज्यांना ठाऊक असतं, ते क्षणभर गप्प होतात. कारण साल्सा एकट्याने करायचा नाच नव्हे. तो जोडीने, हातात हात घेऊन करायचा. आणि माझे यजमान २०२० साली गेले.

मग समोरच्याच्या मनातला प्रश्न त्याने न विचारताही मला ऐकू येतो. "अहो, पण तुम्ही हात धरता तरी कुणाचा?"

या प्रश्नाचा मला राग येत नाही. तो अगदी स्वाभाविक आहे आणि त्याचं उत्तर लपवण्यासारखंही नाही. उलट ते चारचौघींना सांगावं असं वाटलं, म्हणूनच हा लेख लिहायला बसले.

रिकामे हात

आमचं घर नाशिकचं. यजमानांना नाचाचं शिक्षण वगैरे काही नव्हतं. पण गणपतीच्या मिरवणुकीत ते हमखास नाचायचे. खांदे किंचित वर, हात कमरेच्या बाजूला, छोटी छोटी पावलं. भगवानदादांची ती प्रसिद्ध स्टेप. एरवी बँकेत मान खाली घालून काम करणारा हा माणूस, ढोल-ताशा वाजला की दहा मिनिटं वेगळाच व्हायचा. मी बाजूला उभी राहून हसायची. कधीतरी त्यांनी माझाही हात ओढला, की मी "अहो, लोक बघतायत!" म्हणून सोडवून घ्यायची. आपल्याकडे बायकोने याहून वेगळं काय करायचं असतं?

ऑगस्ट २०२०. करोनाचे दिवस. ते गेले तेव्हा सांत्वनाला येणारी माणसंही दाराबाहेर, तोंडाला मास्क लावून उभी राहायची. एरवी अशा वेळी बायका जवळ येतात, गळ्यात पडतात, हात हातात घेऊन बसतात. तेही झालं नाही. करोना ओसरला, सगळं सुरळीत झालं, पण माझ्या बाबतीत ते अंतर तसंच राहिलं. माणसं चांगली वागत होती, विचारपूस करत होती. फक्त स्पर्श असा राहिला नव्हता. भाजीवाल्याने सुटे पैसे हातावर ठेवले तर तेवढाच.

२०२२ च्या श्रावणात नात्यातल्या एका नव्या सुनेची मंगळागौर होती. मी गेले. रात्री खेळ सुरू झाले. झिम्मा, पिंगा, आगोटा-पागोटा. लहानपणापासून फुगडीत माझा हात धरणारा कुणी हरला नव्हता, असं माझी आई सांगायची! फुगडीची ओढच तशी असते. मी पदर खोचून पुढे झाले, तर एका वडीलधाऱ्या बाईंनी फार प्रेमाने म्हटलं, "तुम्ही बसा हो, दमाल. आम्हाला गाणी सांगा." कुणी वाईट बोललं नाही. कुणाच्या मनात वाईट होतं असंही मी म्हणणार नाही. सुवासिनींचा खेळ, रीत जुनी. पण त्या रात्री एकमेकींकडे जाणारे इतके हात माझ्या डोळ्यांसमोरून गेले, आणि माझ्याकडे एकही आला नाही. मी भिंतीला टेकून गाणी सांगत राहिले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मुलीने मला चेन्नईला आणलं. ती आणि जावई दोघंही नोकरी करणारे, नातू शाळेत जाणारा. वेळचेरीत त्यांचा फ्लॅट. दिवसभर नातवाचं पाहण्यात वेळ जाई. संध्याकाळी साडेसहाला मुलगी घरी आली की माझं काम संपायचं आणि खरा कठीण वेळ सुरू व्हायचा. भाषा येत नाही, ओळखी नाहीत. गॅलरीत उभी राहून मी खालच्या पोरांचं क्रिकेट पाहत असे.

एक दिवस मुलीने तिच्या मोबाइलवर आलेली जाहिरात वाचून दाखवली. अड्यारमध्ये संध्याकाळचे लॅटिन नृत्याचे वर्ग. सर्व वयांसाठी, सर्व पातळ्यांसाठी. आणि खाली एक ओळ: जोडीदार सोबत आणण्याची गरज नाही.

ती शेवटची ओळ कुणीतरी मलाच उद्देशून लिहिली आहे, असं वाटलं.

एक-दोन-तीन, पाच-सहा-सात

मे २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने साध्या बसमधला प्रवास बायकांना मोफत केला होता. त्यामुळे "उगाच खर्च कशाला" ही माझी पहिली सबब तिथेच संपली. पहिल्या संध्याकाळी मी सलवार-कमीज घालून, ओढणी कमरेला घट्ट बांधून बसमध्ये बसले. छाती धडधडत होती. चांगल्या घरातली, नातू असलेली बाई मी, आणि निघाले होते कुठे!

वर्ग दुसऱ्या मजल्यावरच्या एका लांबट हॉलमध्ये होता. एका भिंतीला आरसे, चार पंखे, कोपऱ्यात पाण्याचा मोठा जार. मला वाटलं होतं, वीस-बावीस वर्षांची पोरंपोरी असतील. तशी होतीही. पण त्यांच्यासोबत एक डॉक्टरीणबाई होत्या, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, कॉलेजात गणित शिकवणाऱ्या एक अय्यंगार मामी नऊवारीसारखी घट्ट साडी नेसून आल्या होत्या, आणि लग्न ठरलेलं एक जोडपं स्वागत समारंभात नाचायचं म्हणून घाईघाईने शिकत होतं. काहींना पाच वर्षांचा सराव, काहींचा माझ्यासारखा पहिलाच दिवस. पहिला अर्धा तास सगळे एकत्र. नंतर नवे एका बाजूला, जुने दुसऱ्या बाजूला, आणि शेवटी पुन्हा सगळे एकत्र.

साल्साचं गणित ऐकायला सोपं आहे. आठ मात्रांचं आवर्तन. पावलं मात्र सहाच. एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. चौथ्या आणि आठव्या मात्रेला थांबायचं. पहिल्या मात्रेला नेणारा डावं पाऊल पुढे टाकतो, त्याच वेळी समोरची व्यक्ती उजवं पाऊल मागे घेते. दुसऱ्या मात्रेला वजन जागेवर, तिसरीला पाय जवळ. मग पाच-सहा-सातला याच्या उलट. बस्स, मूळ पाऊल एवढंच. बाकी सगळ्या गिरक्या त्यावर उभ्या.

गंमत अशी, की पावलं मला दुसऱ्याच दिवशी जमली. थांबणं जमायला तीन आठवडे लागले! चौथी मात्रा आली की पाय आपोआप पुढे. तीस वर्षं घर चालवलेल्या बाईला मध्येच रिकामं थांबायची सवय कुठली? शिकवणारा मुलगा माझ्या मुलीच्या वयाचा. तो म्हणायचा, "आंटी, थांबणं म्हणजे पाऊल चुकणं नव्हे. थांबणं हाही नाचच आहे."

मग आला तो क्षण, ज्याची मला धास्ती होती. सगळ्यांनी गोल करायचा, समोर जोडीदार घ्यायचा. दर दोन-तीन मिनिटांनी शिक्षक टाळी वाजवतात, की आतला गोल तसाच राहतो आणि बाहेरचा एक जागा पुढे सरकतो. म्हणजे एका तासात वर्गातल्या प्रत्येकासोबत नाचणं होतं. यात कुणी कुणाची निवड करत नाही, आणि म्हणूनच कुणी वगळलंही जात नाही. त्या गोलात माझ्यासमोर पहिला आला तो विशीतला एक मुलगा. त्याने हात पुढे केला, नमस्कार करावा तशी मान लववली आणि इंग्रजीत म्हणाला, "मलाही येत नाही."

मी हात दिला. घामेजलेला, घाबरलेला हात होता तो. माझाही तसाच होता. अडीच वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा माझा हात एवढा वेळ हातात धरला होता. डोळ्यांत पाणी आलं. पण पाच-सहा-सात मोजताना ते पुसायला वेळ मिळाला नाही.

परका नाच, ओळखीचा ठेका

घरी येऊन मी या नाचाची माहिती शोधू लागले. साल्सा म्हणजे स्पॅनिश भाषेत चटणीसारखा पातळ सॉस. नावाप्रमाणेच यात अनेक जिन्नस आहेत. क्युबा बेटावर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे ढोल आणि स्पेनहून आलेली गिटार एकत्र आली. त्यातून 'सोन' नावाचा संगीतप्रकार जन्मला. पुढे क्युबा आणि पोर्तो रिकोहून पोटासाठी न्यूयॉर्कला गेलेल्या लोकांनी त्यात मांबो आणि जॅझ मिसळलं. १९६४ साली तिथे फानिया नावाची रेकॉर्ड कंपनी निघाली आणि सत्तरीच्या दशकात तिने हे संगीत साल्सा या नावाने जगभर पोहोचवलं. थोडक्यात, घरापासून दूर गेलेल्या, राबणाऱ्या माणसांनी परक्या शहरातल्या संध्याकाळी सुसह्य करण्यासाठी जमवलेला हा नाच. गॅलरीत उभ्या असलेल्या मला तो परका का वाटला नाही, ते मग कळलं.

आमच्या वर्गात चा-चा-चाही शिकवतात. त्याची कथा मला फार आवडते. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला हवानामध्ये एन्रिके होरिन नावाचे एक व्हायोलिनवादक होते. मांबोच्या अवघड, आडवळणी ठेक्यावर साध्या माणसांची पावलं अडखळतात, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी लोकांना दोष दिला नाही. ठेकाच सोपा केला. त्यावर नाचणाऱ्यांच्या बुटांचा जमिनीवर घासून जो आवाज येई, तो म्हणजे चा-चा-चा. 'सर्व पातळ्यांसाठी' या शब्दांचा याहून चांगला अर्थ मला ठाऊक नाही.

या संगीताचा कणा म्हणजे क्लावे. हातभरापेक्षा लहान, अशा दोन लाकडी दांडक्या एकमेकींवर आपटायच्या. आठ मोजेपर्यंत पाच ठोके, एकदा तीन आणि एकदा दोन. पहिल्यांदा आवाज ऐकला आणि मी म्हटलं, अहो, या तर आपल्या टिपऱ्या! वर्गातल्या गणिताच्या मामी म्हणाल्या, आठ मात्रांचं आवर्तन म्हणजे आमचा आदिताल. मी म्हटलं, आमचा केरवा. तिघींचं गणित वेगळं, बेरीज मात्र आठच.

आणि मराठी कानाला हा ठेका खरोखर नवा नाही. १९५१ सालचा 'अलबेला' आठवा. दिग्दर्शक आणि नायक आपले भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा. संगीतकार पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. त्यांच्यासोबत गोव्याचे ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर व्हाझ, ज्यांना सारी मुंबई चिक चॉकलेट म्हणून ओळखायची. या चित्रपटात क्युबाचं बोंगो वाजतं, आणि चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. म्हणजे गणपतीच्या मिरवणुकीत भगवानदादांची नक्कल करणारे आमचे यजमान नकळत त्या दूरच्या बेटाचं काहीतरी अंगात घेऊन नाचत होते. हे वाचलं त्या रात्री मी एकटीच खूप वेळ हसले. त्यांना सांगायला हवं होतं.

अड्यारची जुनी गोष्ट

"नाचायचंच आहे तर भरतनाट्यम शीक. ते शोभतं तरी," असं मला एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. पण शोभणं म्हणजे काय, याचा इतिहास याच अड्यारमध्ये घडलेला आहे.

तंजावरला १६७० च्या दशकापासून १८५५ पर्यंत मराठ्यांचं राज्य होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी ते स्थापन केलं. दुसरे सरफोजीराजे यांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा जो ठरलेला क्रम आपण पाहतो, तो बांधण्याचं मोठं श्रेय या चौघांना दिलं जातं. खुद्द सरफोजीराजांनी 'देवेंद्र कुरवंजी' हे नृत्यनाट्य मराठीत रचलं. पण पुढच्या काळात हाच नाच बदनाम झाला. तो करणाऱ्या देवदासींना समाजाने नावं ठेवली, घरंदाज मुलीने त्याचं नाव काढायची सोय राहिली नाही.

अशा वेळी, १९३५ साली, रुक्मिणीदेवी अरुंडेल या ब्राह्मण घरातल्या बाईंनी अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात हा नाच लोकांसमोर केला. त्यांचे गुरू मीनाक्षीसुंदरम पिल्लै हे त्या चार भावांच्याच वंशातले. त्या वेळी काय काय बोललं गेलं असेल, याची कल्पना आपण करू शकतो. १९३६ साली त्यांनी कलाक्षेत्र ही संस्था काढली, जी आज जवळच तिरुवान्मियूरला आहे. आणि आता चेन्नईत घरोघरच्या मुली संध्याकाळी सलंगै बांधून नाचाला जातात, त्यांच्या आया अभिमानाने बाहेर बसलेल्या असतात. ज्या घराण्यांतल्या बायकांनी ही कला पिढ्यान् पिढ्या जपली, त्यांच्या वाट्याला मात्र ही प्रतिष्ठा फारशी आली नाही, हेही विसरून चालणार नाही.

सांगायचा मुद्दा असा की 'शोभतं' आणि 'शोभत नाही' ही नाचाच्या अंगावर जन्मखूण नसते. आपण ती पाटी लावतो, आणि वेळ आली की काढतोही.

हाताची भाषा

वर्गात एक अँग्लो-इंडियन अंकल येतात. पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले. पेरांबूरची ही वसाहत जुन्या मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासूनची. कंपनीच्या नावात मराठा शब्द असल्यामुळे मी त्यांची निम्मी गाववाली, असं ते मला चिडवतात! त्यांच्या समाजात जोडीने नाचणं हा नाताळपासून लग्नापर्यंत प्रत्येक आनंदाचा भाग. आजी-नातू, सासरा-सून, दीर-भावजय सगळे एकमेकांसोबत नाचतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

त्यांच्या पत्नीही सोबत येतात. पण गुडघे साथ देत नाहीत, म्हणून खुर्चीवर बसून विणकाम करतात. पहिल्या महिन्यात मी त्यांच्या यजमानांसमोर आले की अंग चोरायची. ते पाहून त्या बाईंनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, "हे बघ, माझ्या नवऱ्याला नाचवण्याचं काम तुम्हा सगळ्यांवर सोपवलं आहे. तू नीट नाच. मी इथून मोजते." आणि खरंच त्या विणता विणता मोजू लागल्या. माझ्या मनातलं एक मोठं ओझं त्यांनी इतक्या सहज उतरवलं.

हळूहळू कळलं, की नाचातल्या स्पर्शाला स्वतःचे नियम आहेत, आणि ते आपल्या रोजच्या जगातल्या नियमांहून जास्त काटेकोर आहेत. नेणाऱ्याचा उजवा हात समोरच्याच्या खांद्याच्या पात्यावर, त्याखाली नाही. दोघांच्या मधलं अंतर कोपरांनी राखायचं. गाणं सुरू होण्याआधी विचारायचं, संपलं की आभार मानायचे, आणि 'आज नको' म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला. गर्दीच्या बसमध्ये आयुष्यभर कोपर रोखून उभ्या राहिलेल्या आपल्यासारख्या बायकांना स्पर्शाची दुसरी बाजू फार कमी वेळा पाहायला मिळते. विचारून केलेला, आदराचा, आणि तिथेच संपणारा स्पर्श.

या नाचात एक जण नेतो आणि दुसरा साथ देतो. सुरुवातीला मला वाटलं, साथ देणं म्हणजे ओढलं जाईल तिकडे जाणं. तसं ते नाही. हात अगदी सैल सोडला तर नेणाऱ्याला काहीच सांगता येत नाही, ताठ धरला तर सांगून उपयोग नाही. थोडा ताण दोन्हीकडून लागतो. हे समजावून सांगायला शिक्षकांना बरीच उदाहरणं द्यावी लागत होती. मी म्हटलं, थांबा, दाखवते. गणिताच्या मामींचे हात फुलीसारखे धरले, पाय जवळ घेतले, मागे रेलले आणि मामींना म्हटलं, तुम्हीही रेला. आणि आम्ही दोघींनी भर वर्गात फुगडी घातली!

फुगडीत एकीने हात सोडला तर दुसरी पडते. एकीने भार दिला नाही तर फेराच धरत नाही. दोघींनी एकमेकींवर सारखा विश्वास टाकावा लागतो. अख्खा वर्ग टाळ्या वाजवत होता. मामी धापा टाकत विचारत होत्या, हे तुमच्याकडे कोण शिकवतं? मी म्हटलं, कुणीच नाही, आपोआप येतं.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात नव्यांना पहिला धडा फुगडीचा असतो.

नणंदेचा फोन

गोष्ट घरच्यांपर्यंत जायची ती गेलीच. मुलीने वर्गातला एक फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. दोन दिवस तिथे कमालीची शांतता! तिसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला. तिने माझ्यावर बहिणीसारखी माया केली आहे, म्हणून तिचं बोलणं जास्त लागलं.

"वहिनी, तुम्हाला कमी काय आहे? देवाधर्मात मन रमवा, नातवात रमवा. माझा भाऊ जाऊन तीन वर्षं होतायत. लोक मला विचारतात, मी काय सांगू?"

मी लगेच काही बोलले नाही. चौथ्या मात्रेला थांबायचं असतं, ते तेव्हा कामाला आलं. मग म्हटलं, "ताई, तुमच्या भावाने मिरवणुकीत किती वेळा माझा हात ओढला, आठवतं? मी लोकांसाठी तो सोडवून घेतला. आता ते नाहीत आणि लोक मात्र आहेत. माझ्या दुःखात काही कमी झालेलं नाही. पण त्या दुःखासोबत मला अजून बरीच वर्षं चालायचं आहे, आणि चालायला पाय लागतात."

ती काही बोलली नाही. फोन ठेवला. पुढचे दोन महिने तिचा फोन आला नाही. ते दिवस मला जड गेले, खोटं कशाला बोलू? एकदा तर वर्ग सोडून द्यावा असंही वाटलं. जावयांनी मला थांबवलं. हा एरवी कमी बोलणारा तमिळ मुलगा त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "अम्मा, तुम्ही क्लासहून येता तेव्हा गाणं म्हणत जिना चढता. ते बंद नको."

मग एका रविवारी नणंदेचा फोन आला. हवापाण्याचं बोलणं झालं, लोणच्याचं झालं. ठेवता ठेवता तिने विचारलं, "वहिनी, गुडघ्यांना त्रास नाही ना होत त्या नाचाने?" तिने मान्य केलं असं मी म्हणत नाही. अजूनही तिला ते पटलेलं नसावं. पण त्या एका प्रश्नात तिची मूळची माया परत आली होती, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

तुम्हाला जायचं असेल तर

माझा अनुभव वाचून कुणाला आपल्या गावात असा वर्ग शोधावासा वाटला, तर चार गोष्टी सांगते.

रक्तदाब, गुडघे किंवा कंबर यांची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शिक्षकांनाही सांगा. रबरी तळाचे खेळाचे बूट घालू नका. ते जमिनीला चिकटतात, शरीर वळतं, पाय वळत नाही आणि गुडघ्याला हिसका बसतो. चामड्याचा गुळगुळीत तळ असलेला, टाचेला पट्टा असलेला सपाट बूट उत्तम. पैसे भरण्याआधी एक दिवस नुसतं बसून पाहा. शिक्षक हात लावण्याआधी विचारतात का, जोडीदार बदलताना कुणाला अवघडल्यासारखं झालं तर ते ऐकून घेतात का, हे नीट पाहा. जिथे 'नको' म्हणता येत नाही, तिथे पुन्हा जाऊ नका. आणि आरशात स्वतःकडे पाहू नका, निदान पहिला महिना तरी!

फायद्याचं म्हणाल, तर न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा एक अभ्यास २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच या सवयी असलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी आढळलं. शारीरिक हालचालींच्या यादीत असा संबंध दिसला तो एकट्या नाचाचा. नाचामुळेच ते झालं, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही, असं डॉक्टर सांगतात. ज्यांची तब्येत चांगली तेच नाचायला जात असतील, हेही खरं. पण ठेका मोजायचा, पाऊल आठवायचं, समोरच्याचा हात ओळखायचा आणि वर हसतही राहायचं, एवढी कामं मेंदूला एकाच वेळी दुसरीकडे कुठे मिळतात?

मला मिळालेला फायदा मात्र कुठल्या तपासणीत दिसणार नाही. नवऱ्यामागे बाईचं काय काय जातं, याची यादी आपला समाज मोठ्याने वाचून दाखवतो. कुंकू, मंगळसूत्र, हळदीकुंकवाचं बोलावणं. हळूच जातो तो स्पर्श, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, कारण बोलायचं तरी कोणत्या तोंडाने? कुणाला वाटायचं, हिला नवरा हवा आहे. तसं नसतं हो. माणसाला माणसाचा हात हवा असतो. आजारी माणसाला हवा असतो, लहान मुलाला हवा असतो, तसाच चांगल्या धडधाकट बाईलाही हवा असतो. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी फुगडी आणि झिम्मा रचला. फक्त गोल थोडा मोठा करायचा राहून गेला.

आमच्या वर्गात पुरुष कमी आणि बायका जास्त. म्हणून दुसऱ्या वर्षी शिक्षकांनी मला नेण्याची बाजूही शिकवली. आता डावं पाऊल पुढे टाकून सुरुवात करायची मला सवय झाली आहे. नवीन बाई आली, की बहुतेक वेळा तिला माझ्याकडे पाठवतात. ती ओढणी चाचपत, दाराकडे बघत उभी असते. कुणी भाषा न येणारी, कुणी नुकती निवृत्त झालेली, कुणी माझ्यासारखी. मी नाव, गाव काही विचारत नाही. हात पुढे करते आणि वाट पाहते. कधी लगेच येतो, कधी थोडा वेळ लागतो. बहुतेक हात सुरुवातीला गार असतात. दुसऱ्या गाण्यापर्यंत ऊब येते.